बोटभर तूप

कंपाला, १२ फेब्रुवारी २०२३

आकीकी,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी पुढच्या चार ओळी वाच. बालिंडाच्या रक्ताची तपासणी झाली पाहिजे, आणि लवकर झाली पाहिजे. आमचे वडील चव्वेचाळीसाव्या वर्षी गेले. माझा भाऊ, तुझा नवरा, एक्केचाळीसाव्या. दोघांच्याही टाचेमागची धोंडशीर ओल्या दोरखंडासारखी जाड होती, आणि तुझ्या मुलाचीही तशीच आहे. मी डोळ्यांनी पाहिली.

तू फोन उचलत नाहीस. दुसऱ्याच्या नंबरावरून केला तरी माझा आवाज ऐकून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र फोर्ट पोर्टलच्या बसड्रायव्हरच्या हाती देते आहे. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आत काय, औषध?" मी म्हटलं, "अजून नाही."

मागच्या महिन्यात तुमच्या गावच्या अध्यापक विद्यालयात माझं भाषण होतं. तू तिथून दोन वळणांवर राहतेस हे मला माहीत होतं, तरी आले नाही. भाषण माझं नेहमीचंच. धमनी म्हणजे नळ नव्हे. नळात गाळ साचावा तशी तिच्यात चरबी साचते, हे चित्र डोक्यातून काढून टाका. धमनीची भिंत जिवंत असते. तिच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर, घट्ट बसवलेल्या फरशीसारखा. त्याच्यामागे स्नायूंच्या पेशी, एकमेकींना धरून उभ्या. रक्तात चरबी फार झाली, की ती फरशीच्या फटींतून आत शिरते. मग मागच्या पेशी आपली जागा सोडून पुढे येतात आणि ती चरबी गिळायला लागतात. रक्षणासाठीच येतात त्या. गिळून गिळून फुगतात, आणि तिथेच मरतात. त्यांच्या मढ्यांचा ढीग एक दिवस फुटतो, त्याला आपण झटका म्हणतो. मी शिकत होते तेव्हा पुस्तकं सांगायची, हा रोग गोऱ्यांचा, काळ्या माणसाला होत नाही. किती वर्षं आपण त्या वाक्यावर निर्धास्त झोपलो! आणि आपली माणसं पटापट मेली, तर म्हणायचो, कुणीतरी करणी केली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरून एक उंच मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, भिंत एवढी शहाणी आहे तर मरते कशाला?" सगळे हसले. मीही हसले. भाषण संपल्यावर तोच वायर गुंडाळायला वाकला. पायात टायरच्या चपला होत्या. मी टाचा पाहिल्या. मग हनुवटी पाहिली. नाव विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

तो मला ओळखत नाही. मी काही बोलले नाही. ते तुझ्या परवानगीशिवाय बोलायचं नाही एवढं मला कळतं.

एक नळीभर रक्त, आकीकी. बाकी काही नको.

पेरुसी


कंपाला, ५ मार्च २०२३

आकीकी,

माझंच पत्र परत आलं. पाठीमागे तुझ्या अक्षरात एक ओळ: "आमच्या डोंगरात पाणी पुष्कळ आहे, सेंगा. पुन्हा टोपली घेऊन येऊ नका."

सेंगा. मुलाच्या बापाची बहीण. एकवीस वर्षांनंतरही तू मला तेच म्हणतेस. टोमणा म्हणून लिहिलंस की सवयीने, मला कळलं नाही, पण तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला.

तुझा राग कुठून येतो ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. त्या डिसेंबरच्या रविवारी आमच्या गावच्या अंगणात नऊ मुलं कुळात घ्यायची होती. नऊ आया चटईवर बसल्या होत्या. प्रत्येक मुलाची जपून ठेवलेली, वाळलेली नाळ टोपलीतल्या पाण्यात सोडली. आठ तरंगल्या. तुझ्या मुलाची बुडाली. सालोंगो आजोबा म्हणाले, "पाण्याने सांगितलं." सगळं अंगण गप्प होतं, तेव्हा उठून कोण बोललं? मी. एकटी मी! पाण्याला वंश कळत नाही म्हणाले. जी गोष्ट पाण्यापेक्षा जड ती बुडते, हलकी ती तरंगते, त्यात बापाचा काय संबंध, म्हणाले. मी इस्पितळात आठवड्याला चाळीस नाळा चिरते, त्यांतल्या धमन्यांच्या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवते, मला नाळ शिकवू नका म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही हा माझा दोष नव्हे. माझा भाऊ मुयिंगो मान खाली घालून बसला आणि पुढच्या आठवड्यात तुला बसमध्ये बसवून आला, हा तर मुळीच माझा दोष नव्हे.

आता रोगाबद्दल. हा आमच्या घरात आईबापांकडून येतो. ज्याला असेल त्याच्या प्रत्येक मुलाला यायची शक्यता अर्धी, नाणं उडवावं तशी. मलाही आहे. २००४ साली मी माझंच रक्त तपासलं, तेव्हापासून रोज गोळी घेते आणि साठाव्या वर्षी चार जिने चढते. मुयिंगोलाही तेव्हाच सांगितलं होतं. तो जमीन मोजून आला होता, बुटांना लाल माती. म्हणाला, "ताई, एकदा पाण्याने सांगितलं. आता रक्त सांगणार? मला तुमच्या कुठल्याच परीक्षा नकोत." सहा वर्षांनी लुवेरोच्या एका शेतात, मोजणीची साखळी हातात असतानाच तो खाली बसला. मजुरांना वाटलं, सावली बघून बसले साहेब.

ही तपासणी बाप कोण ते सांगत नाही. रक्तात चरबी किती, एवढंच सांगते. माझ्यावर विश्वास ठेव.

पेरुसी


फोर्ट पोर्टल, २६ मार्च २०२३

सेंगा,

तुम्ही भाषणं छान करता. त्या दिवशीही छान केलं होतं. मी मूल मांडीवर घेऊन ऐकत होते, आणि तुमची आत्या माझ्या कानाशी म्हणत होती, "चहाच्या मळ्यात वारा फार असतो म्हणे, बी कुठून कुठे उडतं!" तुमच्या भाषणाने ती थांबली नाही. उलट म्हणाली, "बघ, शिकलेल्या नणंदेला पण सारवासारव करावी लागते."

चरबी निघाली तर पोरगा तुमचा. नाही निघाली तर कुणाचा? तुम्ही लिहिता, बाप कळत नाही. मी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवते, सेंगा. अर्धं म्हणजे किती ते मला कळतं, आणि लोकांना ते कळत नाही हेही कळतं.

एकच विचारते. गेल्या वर्षी आमच्या शेजारी तुमच्या मुलखातली, मासाक्याकडची एक म्हातारी राहायला आली. शेंगा सोलता सोलता हसत म्हणाली, तुमच्या लोकांत नाळ पाण्यात सोडायच्या आधी मुलाची सेंगा तिला तूप चोळते. कुणी बोलत नाही, पण चोळतेच. "आमच्या गावात माझ्या जन्मापासून एक बुडाली नाही गं," म्हणाली. मी शेंगा सोलत राहिले.

माझ्या मुलाची सेंगा तुम्ही होता. त्या सकाळी नाळ मी तुमच्या हातात दिली होती.

तूप लावलं होतं का?

आकीकी कोमुहेन्डो


कंपाला, ९ एप्रिल २०२३

आकीकी,

नव्हतं लावलं.

हे दोन शब्द लिहायला मला दोन आठवडे लागले. आता बाकीचं लिहिते.

त्या सकाळी तू नाळ मला दिलीस, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली, वर लाल दोरा. मी स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपाशी होती. तिने काही न बोलता तुपाचा तुंबा माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, "हे कशाला?"

"कशाला म्हणजे? लाव बोटभर. सगळ्या लावून गेल्या."

"आई, मग परीक्षा कसली ही?"

"परीक्षा कोण म्हणालं तुला? पोराला घरात घ्यायचंय."

"मी निकालाशी खेळत नाही. माझ्या विद्यार्थ्याने हे केलं तर मी त्याला हाकलून देईन."

आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "परदेशात जेवायला तरी नीट मिळत होतं का गं तुला?" आणि धुरातून बाहेर निघून गेली. तिला वाटलं, मी चेष्टा करते आहे. तिला वाटलं, लावीन.

मी लावलं नाही. मागच्या पत्रात ज्या शास्त्राच्या बळावर मी एवढ्या तोऱ्याने बोलले, त्याचं तत्त्व हेच. डॉक्टरेट घेऊन परत आलेली अडतीस वर्षांची बाई. खोटा निकाल नको म्हणणारी.

पण तुला खरं हवं आहे, तर त्याच्या खालचंही सांगते. फक्त तत्त्व असतं, तर मी अंगणात जाऊन सांगितलं असतं की सगळ्यांना तूप लावलंय, ह्या नाळेला नाही, तेव्हा हा खेळ थांबवा. मी सांगितलं नाही. कारण मला बघायचं होतं. तू परक्या मुलखातली, टोरोची, तुझं लग्न घाईत झालं, बालिंडा लग्नानंतर आठव्याच महिन्यात झाला, आमच्या घरात कुजबुज होती आणि ती माझ्याही कानांत गेली होती. मी चाळीस नाळा चिरणारी, पाण्याला वंश कळत नाही हे जाणणारी. आणि तरीही टोपलीपाशी उभी असताना माझ्या मनात एक हलकट कुतूहल होतं: बघू या काय होतं. तो प्रयोग होता, आकीकी. तुझ्यावर केलेला. तुला न विचारता.

नाळ बुडाली तेव्हा क्षणभर मलासुद्धा वाटलं, म्हणजे खरंच. एक क्षणभर. मग लाज वाटली, आणि ती लाज झाकायला मी ते भाषण केलं. भाषणात सगळं होतं, तूप सोडून. मी बोलत असताना आईने मागून माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट की बांगडीचा वळ उठला. मी तुपाचं बोलले असते तर अंगणातला प्रत्येक माणूस, सालोंगो आजोबांपासून माझ्यापर्यंत, कुळातून उठला असता. मी आईच्या हातामुळे गप्प बसले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. वळ तर दोन दिवसांत गेला. पुढची एकवीस वर्षं कुणी धरलं होतं मला?

अजून एक. हे तू विचारलं नाहीस, पण लपवलं तर पुन्हा तेच होईल.

मुयिंगो गेला तेव्हा त्याच्या शवविच्छेदनाला मी उभी होते. त्याच्या महाधमनीचा नखाएवढा तुकडा मी मागून घेतला. कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं ती तू होतीस, कागदावर तेव्हाही त्याची बायको, आणि तुला तर अंत्यविधीच्या अंगणातही येऊ दिलं नव्हतं. त्या तुकड्यातून मी त्याच्या धमनीच्या भिंतीतल्या पेशी वाढवल्या. त्या अजून आहेत. फार वेळा वाढवल्या की पेशी थकतात, म्हणून बऱ्याचशा गोठवून ठेवल्या आहेत, थोड्या बशीत आहेत. माझं गेल्या बारा वर्षांचं काम त्यांच्यावर उभं आहे. शोधनिबंधांत त्यांना नुसता एक आकडा आहे. ज्याच्यासाठी मला बोलावतात, हार घालतात, तो शोध म्हणजे तुझा नवरा आहे.

ह्या पेशी आणि बालिंडाचं रक्त शेजारी ठेवलं तर बाप कोण ते पक्कं कळेल. ते मी करणार नाही. तू सांगितलंस तरी करणार नाही.

पण चरबी मोजू दे. हवं तर तुझ्याच गावच्या दवाखान्यात मोज, मला आकडाही कळवू नकोस. त्याला बाविसावं लागलं आहे. भिंतीत हे सगळं ह्याच वयात सुरू होतं, आणि कुठे काही दुखत नाही.

पेरुसी


कंपाला, ११ जून २०२३

आकीकी,

तुझी अट होती: तेच अंगण, तीच माणसं, आणि रेकॉर्ड करून पाठवायचं. चुलतभावाच्या मुलीने फोनवर रेकॉर्ड केलंय, ते तुला मिळालं असेल. त्यात माझी पाठ दिसते आणि कोंबड्यांचा आवाज जास्त आहे, म्हणून इथे लिहिते.

काकांच्या शेवटच्या विधीसाठी मागच्या शनिवारी सगळं कुळ जमलं होतं. सालोंगो आजोबा आता नव्वदीला आले, दोघांनी धरून आणून बसवलं. मी उभी राहिले आणि तोंडातून सवयीने निघालं, "बांधवांनो, आपण ज्या पाण्यावर—" आणि तिथेच थांबले. हे पुन्हा भाषण होत होतं. मग मी गुडघे टेकले. परदेशातून आल्यापासून मी कुठल्या पुरुषापुढे गुडघे टेकले नव्हते, ती माझी ख्याती आहे गावात. चुलीवर केळीच्या पानांत कच्च्या केळ्यांचं मटोके शिजत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता.

मी म्हटलं, "एकवीस वर्षांपूर्वी मुयिंगोच्या मुलाची नाळ बुडाली, ती मी तूप लावलं नाही म्हणून. बाकीच्या आठांना त्यांच्या सेंगांनी लावलं होतं. आकीकीचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि मी तेव्हाच बोलले नाही, हा दुसरा."

आजोबा म्हणाले, "कसलं तूप?"

बायका चटयांच्या काड्या मोजायला लागल्या. आजोबांनी पुन्हा विचारलं, "कसलं तूप, पेरुसी?"

मागून एक पोरगा, त्या आठांपैकीच एक, आता मोटारसायकल चालवतो, म्हणाला, "म्हणजे मी काय तुपावर आलो?" दोनचार जण हसले. त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"पाणी खरं होतं," कुणीतरी पुरुष ओरडला, "बायका खोट्या!"

"खोट्या होतो म्हणून तू इथे बसलायस," माझी आत्या म्हणाली. तीच आत्या, आकीकी, जी तुझ्या कानाशी बसली होती. "तुझ्या नाळेला मी दोनदा लावलं. पहिल्यांदा घसरून शेणात पडली होती."

मग आई बोलली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, बसूनच बोलली, माझ्याकडे न बघता. "हिचीसुद्धा बुडाली असती. हिला तर मी चार बोटं लावायला सांगितलं होतं. जन्मापासून जड."

तेव्हा जरा मोठ्याने हसले सगळे, आणि मला वाटलं, झालं, सुटलं. तसं झालं नाही. आजोबांनी काठी मागितली. ताट समोर आलं होतं, त्याला हात न लावता उठले. त्यांच्यामागून आणखी सहा पुरुष उठले. आपल्याकडे अन्न उकडून पानावर आल्यावर न जेवता उठणं म्हणजे केवढा अपमान, ते तुला सांगायला नको. जाताना आजोबा मला म्हणाले, "तू रोगाचं कारण शोधतेस असं ऐकतो. सापडलं?" मी त्यांच्या वाटेतली चटई बाजूला ओढली.

ठराव वगैरे काही झाला नाही. मुलाला आणा, पुन्हा टोपली मांडू, असं एकाने सुचवलं. मी म्हटलं, तो काही वासरू नाही. त्यावर तंटा झाला आणि जेवणं गार झाली. कुणी तुझी माफी मागितली असं मी लिहू शकत नाही, कारण मागितली नाही. मी मागते आहे, पण माझ्या माफीने तुझं आयुष्य परत येणार नाही.

आईला तिच्या घरी सोडताना ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "काय नाव ठेवलं तिने त्याचं?"

"बालिंडा."

"म्हणजे काय, त्यांच्या भाषेत?"

"वाट बघतात."

त्यानंतर ती आजपर्यंत माझ्याशी बोललेली नाही.

पेरुसी


कंपाला, ३ सप्टेंबर २०२३

आकीकी,

बालिंडा गुरुवारी आला आणि शनिवारी परत निघाला. तू त्याला तीन हुकूम देऊन पाठवलं होतंस, त्याने ते आल्याआल्या दारातच मला म्हणून दाखवले: रक्त द्यायचं, कुळाबद्दल बोलायचं नाही, जेवायचं नाही. पहिले दोन त्याने पाळले. तिसरा मोडला. तो सांगणार नाही म्हणून मी सांगते, दोन वेळा वाढून घेतलं. शेंगदाण्याची आमटी मुयिंगोलाही अशीच आवडायची, पण हे मी त्याला बोलले नाही, कारण ते दुसऱ्या हुकुमात बसलं असतं.

रक्त त्याचं मी काढलं नाही, दुसऱ्या मुलीला काढायला लावलं. नळी यंत्रात गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. आकीकी, मी बत्तीस वर्षं निकालांची वाट पाहिली आहे. कधी काही मागितलं नाही. जे येईल ते खरं, हीच माझी श्रद्धा, त्या श्रद्धेपायी मी तुझं घर मोडलं. आणि त्या बाकावर मी मागणं मागत होते. आकडा खाली येऊ दे. तो आमचा नसला तरी चालेल. आत्या खरी ठरो, वारा खरा ठरो, कुणाचाही असो, फक्त आमचा नसू दे. यंत्राला हात घालून आकडा बदलता आला असता तर त्या दिवशी मी बदलला असता.

आकडा असायला हवा त्याच्या दुपटीहून वर आहे. माझ्यासारखाच. मुयिंगोसारखाच असणार.

त्याला ते सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मरणार?"

"मरणार. पण म्हातारा होऊन. रोज गोळी घेतलीस तर."

"रोज?"

"रोज. ज्या दिवशी मला भेटायचं नसेल त्या दिवशीसुद्धा."

मग तो पेशी बघायच्या आहेत म्हणाला. तू त्याला सांगितलं आहेस हे मला तेव्हा कळलं. मी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बाजूला झाले. तो बराच वेळ वाकून होता. त्या पेशी लांबट असतात, दोन टोकांना निमुळत्या, सगळ्या एका दिशेला झोपल्यासारख्या. नजर ठरली की कळतं, हलताहेत, अगदी सावकाश.

"हा माझा बाप?"

"त्याच्या भिंतीचा तुकडा."

"चपटे आहेत," तो म्हणाला. "मी यांच्यावर नाही गेलो." आणि वर न बघता विचारलं, "यांना चरबी घातली की काय करतात?"

"जागा सोडतात. गिळायला लागतात."

"कुणी सांगतं त्यांना?"

"नाही. त्यांना वाटतं, आपण वाचवतोय."

निघताना त्याने ती बशी मी कुठे ठेवते ते नीट बघून घेतलं. ह्या पेशींचं काय करायचं ते आता तुम्ही दोघं ठरवा. जाळा म्हणालात तर जाळीन, पुरा म्हणालात तर त्याच्या थडग्यापाशी पुरीन, काम थांबेल, थांबू दे. ठेवा म्हणालात तर आकड्याच्या जागी त्याचं नाव लिहायची परवानगी द्या. मी वाट पाहीन. तोवर बशीला हात लावणार नाही, फक्त अन्न बदलीन.

गोळ्या सहा महिन्यांच्या पाठवते आहे. कागदावर सगळं लिहिलं आहे. एक गोळी, रात्रीच्या जेवणानंतर. महिन्याभराने पुन्हा रक्त. त्याला खेळायचं असेल तर खेळू दे, आधी माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडून हृदय तपासून घ्यायचं, त्यांचा नंबर दिला आहे. तू माझ्याशी बोलायची गरज नाही.

सोबत सालीच्या कापडाची एक पुडी आहे. लाल दोरा तुझाच आहे, विटला आहे.

त्या दिवशी विधी झाल्यावर टोपलीतलं पाणी केळीच्या बुंध्यात ओतलं. सगळे जेवायला गेले तेव्हा मी गवतातून ती बुडालेली नाळ उचलली. कापून, काचेखाली ठेवून बघायची होती, का बुडाली ते. एकवीस वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होती. कापली नाही. का, ते मला सांगता येणार नाही. ती तुझी आहे, आणि त्याची. पुरा, ठेवा, फेका.

आज सकाळी गावी गेले होते. आई चुलीपाशी होती. मी पुडी तिच्यासमोर सोडली. तिने पाहिलं, आणि काही न बोलता तुंबा माझ्याकडे सरकवला.

मी बोटभर तूप घेतलं आणि लावलं. सगळीकडून लावलं.

पाण्यात सोडून पाहिली नाही.

पेरुसी